उमेदचा बचत गट: महिन्याच्या शंभर रुपयांत काय मिळतं आणि घोडं कुठे अडतं

गावात ‘गटाचं कर्ज’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं बचत गटाचं नसतंच. मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस आठ-दहा बायकांना एकत्र बसवतो, एकमेकींची हमी घ्यायला लावतो आणि ठरल्या वारी हप्ता गोळा करून निघून जातो. त्यालाही सगळ्या गटच म्हणतात. तिथे बचत नाही, इतिवृत्त नाही, कुणाला किती द्यायचं हे बायकांच्या हातात नाही, आणि व्याजाचा एक रुपयाही बायकांकडे परत येत नाही. भिशीचं तिसरंच. ती फिरते, संपते, पुन्हा नव्याने सुरू होते. मागे काही उरत नाही. हे परीक्षण या दोन्हींचं नाही. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, म्हणजे उमेदमधून, गावात जो महिला बचत गट उभा राहतो त्याचं आहे. नव्याने गटात जाणाऱ्या बाईने काय बघावं आणि जुन्या गटात अडकलेलीने काय विचारावं, यासाठी.

थोडी पार्श्वभूमी. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, तिथून ही पद्धत देशभर गेली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे आणि त्यांचेही गट खेड्यात-शहरात आहेत. उमेद २०११ मध्ये आलं. एकाच गल्लीत दोन्हींचे गट सापडतात. माविम की उमेद यावर फार डोकं लावू नये. कोणत्या गटाची वही खरी आहे, त्यावर लावावं.

गटात १० ते १५ जणी असतात. डोंगरी भागात किंवा दिव्यांग महिलांचा गट असेल तर कमीही चालतात. खर्च म्हणाल तर आठवड्याला २५ रुपये किंवा महिन्याला शंभर, वह्यांची वर्गणी आणि बैठकीचा तास-दीड तास. हे शंभर रुपये फी नव्हेत, ती तुमची बचत आहे आणि शेवटपर्यंत तुमचीच राहते. खरी किंमत त्या दीड तासाची. अर्धवट चालणारे गट नेमका तोच वाचवायला बघतात.

चांगली बैठक कशी ओळखावी? क्रम ठरलेला असतो. हजेरी, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचणं, बचत, हप्ते, थकबाकी, कर्जमागणी, शेवटी रोकड मोजून सह्या. या क्रमात थकबाकी मोठ्याने वाचली जाते का, यावर सगळं आहे. कोषाध्यक्षेने नाव घेऊन सांगायचं: अमुक ताईंचे दोन हप्ते राहिलेत. त्या ताईंनी सगळ्यांसमोर कारण सांगायचं. हे जिथे होतं तिथे पुढच्या कर्जमागणीला बायका बेधडक विचारतात, ‘वहिनी, मागचे पाच हजार कुठे लागले ते आधी सांगा.’ एरवी घरात पैशाबद्दल चकार शब्द न काढणारी बाई दुसरीच्या कर्जावर मत देते, कधी नाही म्हणते, आणि नाही म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी तिच्याच सोबत पाण्याला जाते. सक्षमीकरण म्हणून जे काही भाषणांतून ऐकू येतं, ते असलंच तर इथे असतं. प्रशिक्षणाच्या फाइलीत नसतं, की ब्लेझर घालून काढलेल्या फोटोतही नसतं.

म्हणून पैसे सतरंजीच्या मध्यभागी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवायचे. नोटा एकीने मोजायच्या, दुसरीने पुन्हा मोजायच्या, तिसरीने वहीत लिहायचं. पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या. उशिरा येणारीला पाच-दहा रुपये दंड लावायचा आणि तो खरंच घ्यायचा. दंड वहीत लिहून माफ करणाऱ्या गटांत हजेरी हळूहळू घसरते. वेळेवर येणारीला आपणच खुळ्या असं वाटायला लागतं, आणि मग तीही येत नाही.

बैठक कुठे, हाही साधा प्रश्न नाही. अध्यक्षेच्या घरात बैठक असली की दोन गोष्टी बिघडतात. एक, तिचा नवरा किंवा सासरा आतल्या खोलीतून ऐकत असतो. दोन, काही घरांत काही जणी आजही पाय टाकत नाहीत, किंवा त्यांना आत बोलावलं जात नाही. अंगणवाडी, शाळेची ओसरी, ग्रामपंचायतीचं सभागृह यांपैकी काहीतरी धरावं. हे पहिल्या महिन्यात ठरलं तर ठरलं. नंतर बदलायला गेलं की मानापमान सुरू होतात.

आता अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या बचतीतून सदस्यांनाच दिलेलं. पंचसूत्र सगळ्यांना पाठ असतं: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. (उमेद त्याला आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका ही आणखी पाच जोडून दशसूत्री म्हणतं.) पाचांपैकी तिसरं सर्रास मोडलं जातं. बाराजणींनी आठवड्याला २५ रुपये टाकले तर २६ आठवड्यांत ७,८०० रुपये होतात. पुष्कळ गट हे पैसे नेऊन बँकेत ठेवतात आणि ‘सुरक्षित आहेत’ म्हणून निवांत बसतात. पैसा असा पडून राहिला की गटाला ना कर्जावरचं व्याज मिळतं, ना कर्ज द्यायची-वसूल करायची सवय लागते. मग बँकेचे दीड लाख एकदम हातात आले की तारांबळ उडते. पाचशे रुपये वसूल करून बघितलेले नसतात आणि एकदम बारा हजार वसूल करायची वेळ येते. दुसऱ्या महिन्यापासून, पाचशे का होईना, कर्ज फिरलं पाहिजे.

व्याज गट स्वतः ठरवतो. महिन्याला एक किंवा दोन टक्के हा नेहमीचा दर. इथे एक बारीक गोष्ट विचारून घ्या: व्याज उरलेल्या मुद्दलावर की मूळ रकमेवर? पाच हजार रुपये दोन टक्क्यांनी घेतले आणि दर महिन्याला हजार मुद्दल फेडलं, तर उरलेल्या रकमेवर व्याज १००, ८०, ६०, ४०, २० असं एकूण ३०० होतं. मूळ रकमेवर धरलं तर दर महिन्याला १००, म्हणजे ५००. दर तोच, बोली तीच, फरक २०० रुपयांचा. हिशेब सोपा पडतो म्हणून वही लिहिणारी दुसरी पद्धत धरते आणि कुणी विचारत नाही. पहिल्याच बैठकीत ठराव करून ‘घटत्या शिल्लकेवर’ हे शब्द इतिवृत्तात लिहून घ्यावेत.

आणखी एक ठराव फार कामाचा. रात्री-अपरात्री पोराला दवाखान्यात न्यायचं झालं तर बैठकीची वाट कोण बघणार? हजार-दोन हजारांपर्यंतचं तातडीचं कर्ज अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष मिळून हातातल्या रोकडीतून देऊ शकतील आणि पुढच्या बैठकीत त्याला मंजुरी घेतील, असं आधीच ठरवून ठेवावं. हे नसलं की बाई सावकाराकडे जाते आणि गट फक्त शंभर रुपये भरायची जागा होऊन बसतो.

वह्यांचं सांगायचं तर हजेरी व इतिवृत्त, रोकड वही, बचत-कर्जाची खतावणी आणि प्रत्येकीचं स्वतःचं पासबुक एवढं असलंच पाहिजे. खोटी वही ओळखणं अवघड नाही. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेल्या असतील आणि सह्या एका ओळीत सरळ उतरल्या असतील, तर ती एका दुपारी बसून भरलेली आहे. बहुतेक वेळा ती भरणारी समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे सीआरपी ताई असते. तिला दोष देऊन भागत नाही. एकेका सीआरपीकडे बरेच गट, सर्वेक्षणं, मेळावे आणि वर गटांच्या नोंदींच्या लोकोस अॅपवरच्या नोंदी. वही गटातल्याच मुलीने किंवा सुनेने, बैठक चालू असताना लिहिली पाहिजे, सीआरपीने तपासायची. अॅपवर नोंद झाली म्हणजे वही झाली, असं सांगणाऱ्या गटापासून लांब राहा. अॅप बाईला दिसत नाही, पासबुक दिसतं. पासबुक कायम सचिवांच्या घरी ‘एकत्र’ ठेवलेलं असेल तर ते आजच मागून घ्या.

बँक खातं अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सहीवर चालतं. बघायची गोष्ट ही की खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? कितीतरी गटांचा मेसेज सचिवांच्या मुलाला जातो. पैसे आले-गेले ते आधी त्याला कळतं, बाराजणींना कळतं तेव्हा बैठक उलटून गेलेली असते. दर बैठकीला पासबुक भरून आणणं हाच त्यावर उपाय. बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. रिझर्व्ह बँकेने तसं स्पष्ट केलेलं आहे. तरी काउंटरवर बाराजणींचे आधार-पॅन मागून दोन खेपा वाढवल्या जातात. सगळ्यांची ओळखपत्रं कर्जाच्या वेळी मागितली तर मात्र द्यावी लागतात.

सरकारी पैशाचा भाग सगळ्यांना आधी ऐकायचा असतो. तीन ते सहा महिने पंचसूत्र पाळलं की फिरता निधी मिळतो. महाराष्ट्रात तो १५,००० होता. २०२३ मध्ये ३०,००० करण्याचा निर्णय झाला. हा गटाला मिळतो, एकेकीला वाटून घ्यायला नाही. त्यावर समुदाय गुंतवणूक निधी असतो. तो ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ) आणि त्याच्या वरचा प्रभागसंघ यांच्या वाटेने येतो आणि परत करायचा असतो. गट ‘फुकटाचे’ समजून हे पैसे वाटून टाकतो तिथे ग्रामसंघ कोरडा पडतो आणि नव्या गटांना काही उरत नाही.

बँक कर्जाला गट निदान सहा महिने चालू असावा लागतो, आणि हे सहा महिने वहीवरून मोजायचे, खातं उघडल्या तारखेपासून नाही. शाखेत ‘तुमचं खातं आताच उघडलंय’ असं उत्तर मिळालं तर हा नियम शांतपणे सांगावा. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त ते. निधीत बचत, अंतर्गत व्याज, दंड आणि फिरता निधी सगळं धरायचं. वरच्याच गटाचं घ्या: ७,८०० बचत, समजा ६०० व्याज-दंड, ३०,००० फिरता निधी, मिळून ३८,४००. सहापट म्हणजे २,३०,४००. दीड लाखावर बोळवण होत असेल तर हा आकडा घेऊन जा. दुसऱ्या खेपेला आठपट किंवा तीन लाख, तिसऱ्या खेपेला सूक्ष्म पत आराखड्यावर (कर्ज कुणाला, कशाला याची गटाने केलेली मांडणी) निदान सहा लाख. पहिल्या कर्जाची मुदत २४ ते ३६ महिने. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज वर्षाला सात टक्के. दहा लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, बचत खात्यावर बोजा ठेवता येत नाही, ठेव ठेवायची अट घालता येत नाही. ‘एवढे पैसे खात्यात राहू द्या, मग मंजूर करतो’ हे वाक्य नियमात कुठेही नाही. विम्याचा अर्ज कागदांच्या गठ्ठ्यात मध्येच आला तर सही करण्याआधी हप्ता किती, कशासाठी, हे विचारा.

एखादीचं जुनं कर्ज थकलंय म्हणून अख्ख्या गटाला नाकारतात, हेही चुकीचं. मुद्दाम थकवणारी असेल तर फक्त तिला त्या बँक कर्जातून बाजूला ठेवायचं. अंतर्गत बचत-कर्जात ती राहू शकते. दुष्काळामुळे, आजारपणामुळे थकलेलीला तर वगळायचीही गरज नाही. आणि बँकेचं कर्ज फक्त धंद्यालाच वापरायचं हा समजही सोडा: सावकाराचं महाग कर्ज फेडायला, घरदुरुस्तीला, शौचालयाला ते चालतं. कर्ज दोन लाखांच्या वर गेलं की निदान निम्मं उत्पन्नाच्या कामाला लावायचं असतं.

गटाची सगळ्यांत मोठी चूक मात्र पैसे आल्यावर होते. दीड लाख भागिले बारा, प्रत्येकी साडेबारा हजार, टाळ्या, फोटो. साडेबारा हजारांत म्हैस येत नाही, आणि जिला बियाण्यापुरते चार हजार हवे होते ती बाकीचे लग्नात घालते. समान वाटप दिसायला न्याय्य, पण त्यातूनच ‘तुझं मी घेते, हप्ता मी भरते’ सुरू होतं. चार महिन्यांनी भरणारी माहेरी, आणि वहीत नाव दुसरीचं. सूक्ष्म पत आराखडा याचसाठी असतो: कुणाला किती, कशाला, कधी, फेडणार कशातून. तो बसून प्रामाणिकपणे करायला दोन बैठका लागतात. नाव दुसरीचं आणि पैसा तिसरीचा, हे सरळ ठरावाने बंद करावं, आणि वाटप रोख न करता प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यावर करावं.

दुसरी चूक दिवाळीची. भिशीची सवय असलेले गट दर दिवाळीला सगळी बचत वाटून मोकळे होतात. निधी शून्य झाला की सहापट कशाची? वाटायचंच असेल तर वर्षाच्या व्याजातला काही भाग वाटा, मुद्दल हलवू नका.

मायक्रोफायनान्सचा हप्ता आणि गटाचा हप्ता एकाच आठवड्यात आला तर बाई आधी कंपनीचा भरते, कारण कंपनीचा माणूस दारात उभा असतो. घराचे सगळे कर्जहप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मुळात अशा कर्ज देणाऱ्यांसाठी आहे. गटानेही तो स्वतःहून लावावा. कर्ज मागणारीला बाहेरचे हप्ते विचारणं म्हणजे चौकशा करणं नव्हे.

ऊसतोडीला जाणाऱ्या भागात, बीडसारख्या जिल्ह्यांत, दिवाळीनंतर अर्धा गट कारखान्यावर असतो. आठवड्याच्या बैठकीचा नियम तिथे पाळणं शक्यच नाही आणि पाळल्याचं कागदावर दाखवणं हेच गट मोडायचं कारण होतं. ज्या गटांचं जमतं ते मुकादमाची उचल हातात आली की पुढच्या महिन्यांची बचत आधीच घेतात, हप्ते परतल्यानंतरचे बांधतात आणि गावात राहिलेल्यांच्या बैठका चालू ठेवतात. हे सगळं जाण्याआधीच्या बैठकीत ठरावात येतं.

धंद्याच्या बाजूला उमेदची सेवा सगळ्यांत कच्ची आहे. पापड, लोणची, चटण्या, मसाले. पुष्कळ गटांचं हेच. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात माल खपतो, पण तिथली निवड, प्रवास, दहा-बारा दिवस घराबाहेर राहणं हे ठरावीक जणींनाच जमतं. वर्षाचे उरलेले दिवस विकायचं कुठे, याचं उत्तर उमेदमार्ट हे ऑनलाइन विक्रीचं दुकान पुरेसं देत नाही. पाकिटावर वजन, घटक, तारीख, किंमत आणि अन्न परवान्याचा क्रमांक नसेल तर शहरातलं दुकान माल ठेवत नाही, आणि पुष्कळ गट छान लेबलं छापून घेतात पण नोंदणीच करत नाहीत. एकत्र धंदाच करायचा हा हट्टही नको. गटातून कर्ज घेऊन एकटीने शेळ्या पाळणारी, किराणा दुकान टाकणारी बाई जास्त टिकते. लखपती दीदी या सरकारी योजनेचा गाजावाजा ऐकताना एवढं लक्षात ठेवा की त्यात वर्षाला एक लाख मोजतात ते घराचं उत्पन्न. त्यातलं तिच्या हातात किती, हा रकाना त्यात नाही.

ग्रामसंघ चांगला असेल तर त्याचा उपयोग कर्जापेक्षा दुसरीकडे जास्त. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत कागदावर होते. ग्रामसंघाने आग्रह धरला तर खरंच होते. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या आणि नंतर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त ‘आडव्या बाटली’ची मतं लागतात. हे घरोघर फिरून जमवायची ताकद गावात गटांकडेच असते. उलट, पुढाऱ्याच्या सभेला ट्रक भरून बायका पाठवणं हेही ग्रामसंघाकडूनच मागितलं जातं. गेलं नाही तर निधी अडेल असं कुणी सांगितलं तर तसा नियम नाही.

पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदला. बँकेत सह्या बदलायचा त्रास होतो म्हणून पहिल्याच तिघी दहा-दहा वर्षं राहतात. ठरावाची प्रत, जुन्या-नव्या तिघींची कागदपत्रं आणि शाखेत एक खेप, एवढंच लागतं. नवीन अध्यक्ष सरपंचाची सून नसेल तर उत्तम.

आणि गट सोडायचा असेल तर आधी आपल्या पासबुकावर बचत आणि देणं किती ते लिहून घ्या, लेखी अर्ज द्या आणि बैठकीत ठराव करून घ्या. देणं वजा करून बचत परत मिळते. व्याजातला वाटा मिळेल की नाही, हे गटाच्या नियमावलीत असतं. बँकेचं कर्ज चालू असेल तर तुमच्या नावावरचं पूर्ण फिटेपर्यंत मोकळं होता येत नाही. गट दाद देत नसेल तर ग्रामसंघ, तिथेही नाही झालं तर पंचायत समितीतला उमेदचा तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.